पारा ४ अंशांवर, पिंजरा ओसरीवर

डिसेंबर सरता सरता ग्वाल्हेरच्या पेपरात ठरलेले दोन फोटो येतात. एक शेकोटीभोवतीच्या माणसांचा, दुसरा धुक्यात हरवलेल्या किल्ल्याचा. त्याच आठवड्यात शहरातल्या लष्कर, मुरार या भागांतल्या घराघरांत एक प्रश्न विचारला जातो: पिंजऱ्यातला पक्षी फुगून बसलाय, त्याला थंडी वाजतेय का? मग कोणी शेगडी जवळ आणून ठेवतं, कोणी पिंजऱ्यावर प्लास्टिक गुंडाळतं, तर कोणी चमच्यानं ब्रँडी पाजतं. या तिन्ही उपायांनी पक्षी मरू शकतो. थंडीत पक्ष्याच्या अंगात काय चालतं ते कळलं, की काय करायचं आणि काय टाळायचं हे बरंचसं आपोआप उमगतं.

सुरुवातीला एक खुलासा. गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला मिठू, म्हणजे देशी पोपट, घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे इथे ‘पिंजऱ्यातला पक्षी’ म्हणजे मुख्यतः बजी आणि कॉकटील हे छोटे परदेशी पोपट. बाजारात बजीलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा आणि आफ्रिकेचा, तर बजी आणि कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पण थंडीचा हिशेब तिघांनाही सारखाच लागू पडतो.

वाटीतला चहा आणि पातेल्यातलं दूध

पक्ष्याच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश असतं, म्हणजे आपल्याला सणसणून ताप भरावा तेवढं. बजीचं वजन असतं ३० ते ४० ग्रॅम. वाटीत ओतलेला चहा बघता बघता निवतो, पातेलंभर दूध मात्र तासभर गरम राहतं, कारण लहान वस्तूला तिच्या वजनाच्या मानानं उघडी बाजू जास्त असते. माणसाशी ताडून पाहिलं तर बजीच्या दर ग्रॅममागे उघडी बाजू दहापटीहून जास्त भरते. बाहेर ४ अंश आणि आत ४१, असा ३७ अंशांचा फरक त्या वाटीएवढ्या जिवाला रात्रभर सांभाळायचा असतो.

त्यासाठी त्याच्याकडे रजई आहे आणि शेगडीही आहे. पिसं म्हणजे रजई. थंडी सुरू झाली की आपण जुनी रजई पिंजून घेतो. कापूस तोच असतो, पण फुलला की त्यात हवा अडकते आणि ऊब अडकलेल्या हवेनंच येते. पक्षी पिसं फुलवतो तेव्हा तो आपली रजई पिंजत असतो. एक पाय पोटाच्या पिसांत आणि चोच पाठीच्या पिसांत, अशा बसण्यानं उघडं अंग कमी होतं. म्हणूनच रात्री किंवा पहाटे थोडा वेळ फुगून, एका पायावर बसलेला पक्षी आजारी नसतो.

शेगडी म्हणजे अंगातलं अन्न जाळणं. छातीचे स्नायू सतत बारीक थरथरतात, त्यातून उष्णता निघते. पण जळायला सरपण लागतं, आणि इथेच ग्वाल्हेरची रात्र अंगावर येते. डिसेंबरअखेर इथली रात्र साडेतेरा तासांच्या आसपास असते आणि अंधारात पक्षी दाणा टिपत नाही. संध्याकाळी पोटात जे गेलं त्यावरच पहाट गाठायची. लहान पक्ष्याचं वजन कडाक्याच्या एका रात्रीत दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं.

पोट भरलेलं, पिसं कोरडी, हवा स्थिर असेल तर धडधाकट पक्षी चांगलीच थंडी काढतो. उपाशी, ओला किंवा वाऱ्याच्या झोतात बसलेला पक्षी तेवढ्याच थंडीत जातो. पुढचे सगळे उपाय या तीन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत.

‘थंडीची लाट’ आणि ‘शीत दिन’

हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असून नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी उतरलं, तर ती थंडीची लाट. पारा ४ वर किंवा खाली गेला तर सरासरी न बघताही लाटच, आणि २ वर गेला तर तीव्र लाट. ‘शीत दिन’ वेगळा. त्यात रात्र १० अंश किंवा कमी असतेच, शिवाय दिवसाचं कमाल तापमानही सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त खाली राहतं.

पक्षी पाळणाऱ्यानं बातमीत दुसरा शब्द शोधावा. रात्र ४ अंशांची असली तरी दुपारी बावीस-तेवीस अंशांचं ऊन पडलं, तर पक्षी दिवसा खाऊन-शेकून रात्रीची तूट भरून काढतो. धुकं दुपारपर्यंत हललंच नाही, तर ती तूट तशीच राहते आणि त्यावर पुढची रात्र येऊन पडते. असे तीन-चार दिवस लागोपाठ आले की घरातले पक्षी आजारी पडू लागतात.

तिघऱ्यावरची बदकं, चंबळेतली सुसर

बाहेरच्या जिवांना हीच थंडी वेगवेगळी लागते. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर या दिवसांत उत्तरेकडून बदकं उतरतात. भगव्या अंगाचा चक्रवाक हिमालयापलीकडून येतो, त्याच्या मुलखात तळी गोठलेली असतात. आपली थंडीची लाट त्याला थंडी वाटतच नाही. बदकाचे अनवाणी पाय गार पाण्यात असूनही ते कुडकुडत नाही, याचं उत्तर जुन्या तांब्याच्या बंबात आहे. बंबाची गरम नळी पाण्यातून जाते आणि जाता जाता उष्णता पाण्याला देते. बदकाच्या पायातही खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळीला परत येणाऱ्या गार रक्ताची नळी चिकटून असते. उष्णता तिथल्या तिथे परतीच्या रक्तात जाते, पाण्यात वाया जात नाही.

चंबळेच्या अभयारण्यात सुसर, म्हणजे इथल्या बोलीतला घडियाल, जगतो अगदी उलट रीतीनं. त्याच्या अंगात शेगडीच नाही. अंग तापवायचं तर ऊनच हवं, म्हणून हिवाळ्यात उन्हं वर आली की सुसरी वाळूवर येऊन पडतात. गार अंगात खाल्लेलं पचत नाही, त्यामुळे भूकही मंदावते. घरातल्या पाली या दिवसांत फोटोंच्या मागे दडतात, कारण तेच. तेव्हा वाळूवर निपचित पडलेली सुसर आजारी समजून होडी जवळ नेऊ नये. ती पाण्यात पळाली की सकाळभर गोळा केलेली ऊब जाते.

चिमण्या तर उघड्यावरच राहतात ना?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्तही आहे. पण उघड्यावरच्या चिमणीनं तयारी महिनोन् महिने केलेली असते. पावसाळ्यानंतर जुनी पिसं गळून तिच्या अंगावर दाट नवी पिसं येतात. दिवस लहान होतात, रात्री हळूहळू गार होतात, तसं तिचं शरीर बदलत जातं. रात्री ती वेलीच्या दाट जाळीत किंवा भिंतीच्या कोनाड्यात, वारा लागणार नाही अशी जागा निवडते. आणि एवढं करूनही हिवाळ्यात पुष्कळ चिमण्या मरतात, फक्त आपल्या दृष्टीस पडत नाहीत.

पिंजऱ्यातला बजी ट्यूबलाइटखाली रात्री अकरापर्यंत जागा असतो, त्यामुळे दिवस लहान झाल्याचं त्याच्या शरीराला कळत नाही. टीव्हीच्या खोलीत २२ अंश, आणि झोपताना कोणीतरी पिंजरा उचलून ओसरीवर नेलं की ८ अंश. हा एका मिनिटातला १४ अंशांचा उतार घातक आहे. खोली कायम १५-१६ अंशांवर असेल तर सरावलेल्या, निरोगी बजीला चालते. रोज रात्री गरमातून गारात जाणं चालत नाही. पिंजरा हिवाळाभर एकाच खोलीत ठेवा आणि १८ अंशांच्या आसपास स्थिर राहील असं बघा. एक साधा डिजिटल थर्मामीटर पक्षी बसतो त्या दांडीच्या उंचीवर लावा. आपल्या अंगाला काय वाटतं यावर जाऊ नका, आपण स्वेटर घातलेला असतो.

पिंजरा कुठे, झाकायचा कसा

लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती रात्रभर गारठा धरून ठेवतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेला पिंजरा एका बाजूनं सतत निवत राहतो, म्हणून भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या. आतल्या बाजूची भिंत मिळाली तर उत्तम. उंची आपल्या छातीइतकी ठेवावी. जमिनीलगत गार हवा साचते आणि छताजवळ धूर.

वारा शोधायला उदबत्ती लागत नाही. टिश्यू पेपरची पट्टी पिंजऱ्याजवळ धरा. ती हलली तर तिथे झोत आहे, मग तो दाराखालच्या फटीतला का असेना. फटीत जुन्या चादरीची गुंडाळी दाबली की काम होतं.

झाकायला जाड सुती चादर किंवा हलकी गोधडी घ्या. मागची बाजू, दोन्ही कडा आणि वरचा भाग झाकायचा, समोरची बाजू निदान तिसरा हिस्सा उघडी ठेवायची. प्लास्टिक नको. श्वासातली आणि विष्ठेतली वाफ आत कोंडते, पहाटे पाणी होऊन ठिबकते आणि पिसं ओली होतात. लोकरीची शालही नको, तिच्या धाग्यांत नखं अडकतात. आत कापूस, मोजे किंवा कापडी झोपडी ठेवू नका. पक्षी धागे कुरतडतो आणि ते गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत गोळा होऊन बसतात. कॉकटील अंधारात दचकून पंख आपटतो, त्याच्यासाठी खोलीत मंद दिवा असू द्या.

बसायच्या दांड्या लाकडाच्याच हव्यात, कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या. बजीला १२ ते १५ मिलिमीटर जाडीच्या, कॉकटीलला २० ते २५. लोखंडी दांडी पायातली उष्णता ओढून घेते.

शेगडी, हीटर आणि तवा

हा भाग पुन्हा वाचा, कारण हिवाळ्यात घरातला पक्षी अचानक गेला तर धुराचा संशय आधी घ्यावा.

आपण श्वास आत घेतो आणि त्याच वाटेनं सोडतो, त्यामुळे फुप्फुसात थोडी शिळी हवा कायम उरते. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू त्यातूनच मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तेवढ्याच झपाट्यानं रक्तात जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. माणसाला काही कळायच्या आत तो खाली पडे.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू बसण्याची जी जागा, तीच हा वायू अडवतो आणि सहजी सोडत नाही. गाडीतल्या आपल्या आरक्षित जागेवर दुसराच कोणी पथारी पसरून बसावा तसं. शेगडी ‘फक्त थोडा वेळ’ ठेवली तरी तिचा पक्ष्याला, आणि माणसालाही, धोकाच आहे.

दुसरा धोका नॉनस्टिक भांड्यांचा. त्यांच्यावरच्या पीटीएफई नावाच्या लेपाला २६० अंशांपलीकडे ताप लागला, की त्यातून निघणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो आणि त्यावर उपाय नाही. मोठ्या आचेवर विसरलेला रिकामा तवा तेवढा तापायला फार वेळ लागत नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद आणि स्वयंपाकघरात ऊब, म्हणून लोक पिंजरा तिथेच आणून ठेवतात. तसं कधीच करू नका. घरात पक्षी असेल तर बिडाचा तवा किंवा स्टीलची कढई वापरावी. काही हीटरच्या आतल्या भागांवर आणि हेअर ड्रायरमध्येही हाच लेप असतो. नवा हीटर आधी गच्चीवर किंवा उघड्या खोलीत दोन-तीन तास चालवून घ्या आणि त्या वेळी पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवा. डासांची कॉइल, धूप, कापूर आणि उदबत्तीही पिंजऱ्याच्या खोलीत नको.

मग ऊब द्यायची कशी? खोलीसाठी तेलभरला रेडिएटर सगळ्यात बरा. तो धूर करत नाही, झोत टाकत नाही. ब्लोअर हवा कोरडी करतो आणि त्याचा झोत थेट पिसांत घुसतो. एकट्या पिंजऱ्यापुरती ऊब हवी असेल तर ६० वॅटचा सिरॅमिक हीट बल्ब घ्या, जो उष्णता देतो पण उजेड देत नाही. त्याला चिनी मातीचा होल्डरच लागतो, प्लास्टिकचा वितळतो. बल्ब पिंजऱ्याबाहेर, ३० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि पिंजऱ्याच्या एकाच टोकाला लावा. चादर त्याच्यापासून दूर ठेवा. दुसरं टोक गार राहिलं पाहिजे, म्हणजे पक्ष्याला हवं तिथे सरकता येतं. पक्षी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसला तर त्याला उकडतंय. वीज गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा, दोन तास निभावतात.

दाणा, पाणी, ऊन

भोगीला आपण बाजरीची भाकरी आणि तीळ खातो, तोच विचार इथे लावायचा. एका बजीला दिवसाला दीड ते दोन छोटे चमचे दाणा लागतो. बाजारात ‘कंगनी’ नावानं मिळणारं राळं आणि बाजरी हा त्याचा मुख्य भाग. लाटेच्या दिवसांत अर्धा चमचा वाढवा. सूर्यफुलाच्या बिया कॉकटीलला दिवसाला चार-पाच. वाटीभर बिया दिल्या तर तो तेवढंच खाईल आणि यकृतावर चरबी चढेल. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, रोज मेथी किंवा कोथिंबिरीच्या दोन काड्या धुऊन, पुसून. भाजी फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नये. तिळगूळ, चहा, चॉकलेट, कांदा आणि अ‍ॅव्होकॅडो मुळीच नको.

वेळ मात्र सांभाळावी लागते. खोलीतला दिवा संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत ठेवा आणि सातच्या सुमारास वाटी भरा. वाटी भरलेली दिसते तेव्हा वरची फोलं फुंकून बघा, खाली दाणा उरलाच नसेल. भरल्या वाटीपाशी पक्षी उपाशी राहतो तो असाच. आठनंतर अंधार केला की सातपर्यंत अकरा तास होतात. झोपेला तेवढे पुरतात आणि उपासही फार लांबत नाही.

सकाळचं पाणी कोमट. आंघोळ बंद करायची नाही, ती मिळाली नाही तर पिसं नीट राहत नाहीत. पण ऊन असलेल्या दिवशीच, अकरा ते एकच्या दरम्यान, पसरट ताटलीत बोटभर पाणी ठेवून पक्ष्याला स्वतः उतरू द्या. शीत दिनाला आंघोळ नाही.

काचेतून आलेलं ऊन उबेला चालतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. म्हणून धुकं हटल्यावर वीस-तीस मिनिटं खऱ्या उन्हात पिंजरा ठेवा, अर्धा भाग सावलीत, आणि समोर माणूस बसलेला हवा. गच्चीवर माकडं, मांजर आणि शिक्रा तिन्ही येतात.

हिवाळ्यात अंडी घालू द्यावीत का?

उत्तर भारतात बजीची पैदास करणारे ऑक्टोबर ते मार्च हाच हंगाम धरतात, मग घरी का नको, असं लोक विचारतात. त्यांच्याकडे तापवलेली खोली आणि निवडलेल्या माद्या असतात. घरच्या एकुलत्या जोडीच्या मादीला कॅल्शियम कमी पडलं आणि त्यात गारठा आला, तर स्नायूंना जोर राहत नाही आणि अंडं वाटेत अडकतं. मादी तळाशी फुगून, पाय फाकवून कुंथते आणि शेपूट वर-खाली हलवते. हा काही तासांचा खेळ असतो. पोट दाबू नका, तेल घालू नका. ३० अंशांची ऊब देऊन तडक पशुवैद्याकडे न्या. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर घरट्याचं मडकं काढून ठेवलं तर हा प्रसंग बहुधा येत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस मात्र पिंजऱ्यात कायम लटकलेला असावा.

तराजू आणि पहाटेची पाहणी

पक्षी आजार लपवतो. अशक्त दिसला की शिकारी त्यालाच धरणार, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटी दांडी ठेवा आणि रोज सकाळी दाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. पहाटेची तुलना पहाटेशीच करायची. ३५ ग्रॅमचा बजी साडेतीन ग्रॅमनं उतरला तर दाणा खातोय असं दिसत असलं तरी डॉक्टर गाठा. पुष्कळदा आजारी पक्षी दाणा नुसता सोलून टाकत असतो.

भर दुपारी, खोली उबदार असताना दोन्ही पायांवर फुगून झोपणं, श्वासागणिक शेपूट हलणं, आवाज बंद होणं ही धोक्याची चिन्हं आहेत. असा पक्षी दिसला तर बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आत टॉवेल अंथरा आणि एका बाजूनं ऊब देऊन आतलं तापमान २९ ते ३२ अंशांवर आणा. आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पक्ष्याच्या अन्नपिशवीतलं अन्न पुढे सरकतच नाही, भरवलेलं आत आंबतं. ब्रँडीनं रक्तवाहिन्या पसरतात आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते. ड्रॉपरनं पाणी तोंडात घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

धुक्याच्या सकाळी अंगणात ओला, सुन्न रानपक्षी सापडला तर त्यालाही असंच खोकं, पण अंधारं आणि जास्तीची ऊब न देता, खोलीतल्या हवेवर ठेवलेलं. ऊन पडल्यावर तासा-दोन तासांनी खोकं अंगणात उघडा. उडाला नाही तर वनविभागाला कळवा. त्याला घरच्या पिंजऱ्याजवळ आणू नका. डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये इंदूरला कावळे मरून पडले, ते बर्ड फ्लूनं. हा आजार हिवाळ्यात पाणपक्ष्यांबरोबर फिरतो. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नये. तिघऱ्यावरून बदकं बघून आलात तर बूट दाराबाहेर काढा, हात साबणानं धुवा आणि मगच दाण्याची वाटी भरा.